कारमागे ट्रेलर जोडून पुण्याबाहेर पडताना: कागद, लेन आणि घाट

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅन म्हणजे नुसती राहण्याची सोय असलेली इंजिनवाली गाडी नाही. कारमागे जोडायचे एका आसाचे आणि दोन आसांचे ट्रेलर, टेंट ट्रेलर, घडी होणारे कॅरव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलरही त्यात धरले आहेत. पण असा ट्रेलर ओढायचा कसा आणि कोणत्या लेनमधून, हे आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. मग माणूस व्हिडिओ पाहून शिकतो आणि ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात.

इथे पहिला धोका आहे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथला शिकवणारा ‘ट्रेलर असेल तर उजवी लेन धरा’ म्हणतो, तेव्हा आपल्यासाठी त्याचा अर्थ डावी लेन असा होतो. वळताना ट्रेलर कोणत्या बाजूला आत कापतो, ड्रायव्हरला कोणती बाजू दिसत नाही, सगळंच उलटं. त्यापेक्षा ब्रिटनचे नियम पाहा. तिथे आपल्यासारखीच डावी बाजू चालते. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलर ओढणाऱ्या कारला सर्वांत उजव्या लेनमध्ये जायला मनाई आहे आणि वेगाची मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. आपल्याकडे कारमागच्या ट्रेलरसाठी वेगळी लेन आखलेली नाही, पण हा नियम स्वतःवर घालून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पुढे त्याची कारणं येतीलच.

कागद आधी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी होते, त्याला वेगळा क्रमांक मिळतो. कलम ६१ मधली एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लागतो आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या कारचा क्रमांक दिसावा लागतो. मागून येणाऱ्या पोलिसाला किंवा कॅमेऱ्याला कारची नंबरप्लेट दिसतच नाही, म्हणून ही तरतूद. एकच ट्रेलर घरातल्या दोन गाड्यांना जोडत असाल, तर मागची प्लेट त्या-त्या वेळी बदलायला हवी.

नोंदणी नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणला तर कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसेल तर कलम १९६ खाली २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,००० आणि दोन्ही वेळा तुरुंगवासाचीही तरतूद आहे. इथे एक गैरसमज काढून टाका. कारचा विमा आहे म्हणून ट्रेलर आपोआप त्यात येत नाही. विमा कंपनीला ट्रेलरचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक देऊन त्याची नोंद पॉलिसीवर करून घ्या आणि पॉलिसी हातात आल्यावर ती ओळ स्वतः वाचा.

ट्रेलर विकत घेण्यापूर्वीच विक्रेत्याकडे मान्यतेची कागदपत्रं मागा. वाहनांच्या चाचण्या करून प्रमाणपत्र देणाऱ्या दोन मोठ्या संस्था पुण्यातच आहेत, कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. कुणा फॅब्रिकेटरने शेडमध्ये जोडून दिलेला सुंदर ट्रेलर मान्यतेशिवाय आरटीओत नोंदवता येत नाही आणि तेव्हा पैसे अडकतात ते तुमचे. टो बार किंवा हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायला कारच्या मागे बसवायची जोडणी, तिचंही तेच. कारच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून हिच बसवण्याआधी, तुमचा नंबर एमएच १२ असो, १४ असो की ४२, आपापल्या आरटीओत लेखी विचारून घ्या. सगळ्या कागदांची एक फाइल कारमध्ये आणि एक प्रत मोबाइलवर ठेवा. रस्त्यात अडवणाऱ्या हवालदारानेही असा ट्रेलर क्वचितच पाहिलेला असतो. त्याच्या प्रश्नाला वाद घालून उत्तर देऊ नका, आरसी दाखवा.

वजन

कारच्या मॅन्युअलमध्ये ती किती वजन ओढू शकते हे पाहा. ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी आकडे वेगळे असतात. मॅन्युअलमध्ये आकडाच नसेल तर ती कार ओढण्यासाठी वापरू नका, मग तिचं इंजिन कितीही दमदार असो. प्रश्न इंजिनापेक्षा ब्रेक, क्लच, चासी आणि मागच्या सस्पेन्शनचा जास्त असतो.

ट्रेलरचं रिकामं वजन कंपनी सांगते. रस्त्यावर मात्र आपण भरलेला ट्रेलर नेतो. ६० लिटरची पाण्याची टाकी भरली की ६० किलो वाढले. वर गॅस, बॅटरी, खुर्च्या, छत्री, भांडी, पांघरुणं. चाकण, भोसरी किंवा मार्केट यार्ड परिसरात वजनकाटे आहेत. पूर्ण भरलेला ट्रेलर एकदा काट्यावर घालाच, अंदाजावर जाऊ नका.

एकूण वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय हे महत्त्वाचं. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे आणि शक्य तितकं खाली ठेवायचं. हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक ज्यावर बसतं त्या गोळ्यावर, येणारा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के असावा आणि तो कारच्या व हिचच्या मर्यादेतही बसला पाहिजे. म्हणजे ८०० किलोच्या ट्रेलरचा पुढचा भार ४० ते ८० किलो. भक्कम वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरचं बॉलवर बसणारं टोक, टेकवला की हा भार घरीच मोजता येतो. मागे जास्त वजन भरलं की ट्रेलर झुलायला लागतो. हायवेवर ट्रेलर उलटण्यामागचं हे मोठं कारण आहे. पाण्याच्या टाक्या शक्यतो मुक्कामाच्या जवळ भरा.

निघण्यापूर्वीची जोडणी

सपाट जागी, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावून काम सुरू करा. कपलर बॉलवर बसवून कुलूपबंद करा आणि मग पुढचा जॅक वर फिरवून पाहा. कपलर नीट बसला असेल तर कारची मागची बाजूही त्याबरोबर उचलली जाईल. कपलर सुटून वर आला तर जोडणी झालेलीच नाही. सेफ्टी चेन कपलरच्या खालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर तो जमिनीत न रुतता साखळ्यांवर तोलला जाईल. साखळी वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल हवी, पण रस्त्याला घासणारी नको. ट्रेलरला ब्रेक असतील तर ब्रेकअवे केबलही, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी तार, जोडा. ती कारच्या पक्क्या भागाला अडकवा, बॉलला नाही.

मग वायर. एकाने कारमध्ये बसायचं, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. दिवा, ब्रेक, डावा, उजवा, हॅझर्ड, नंबरप्लेटचा दिवा. हे प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर करा. धुळीने आणि पावसाने पिनांवर गंज चढतो आणि इंडिकेटर बंद पडलेला ट्रेलर मागच्याला काहीच सांगत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर आणि बाजूंना परावर्तक पट्ट्या हव्यातच.

टायरची हवा थंड असताना मोजा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ट्रेलर महिनोन् महिने उभा असतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला.

आरसे. ट्रेलर कारपेक्षा रुंद असेल तर मूळ आरशात फक्त त्याची भिंत दिसते. बाहेर सरकवता येणारे जादा आरसे लावल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. मागचा कॅमेरा सोबतीला चांगला, आरशाला पर्याय म्हणून नाही.

गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व प्रवासात पूर्ण बंद ठेवा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बोगदे आहेत, हे लक्षात असू द्या. आणि ट्रेलर चालत असताना त्यात कुणीही बसणार नाही, झोपणार नाही. लहान मुलं हट्ट करतात, तरीही नाही.

लेन

महामार्गावरची एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद असते. २.२ मीटर रुंदीचा ट्रेलर तिच्या बरोबर मध्यात असला, तर दोन्ही बाजूंना जेमतेम ६५ सेंटिमीटर उरतात. कार चालवताना आपण लेनमध्ये थोडे इकडेतिकडे होतो, ते चालून जातं. ट्रेलरला ते परवडत नाही. नजर दूर ठेवा, समोरच्या बंपरवर नको. दूर पाहणाऱ्याचं स्टिअरिंग आपोआप स्थिर राहतं.

मोटार वाहने चालन विनियम, २०१७ प्रमाणे शक्य तितकं डावीकडे राहायचं, लेन आखलेली असेल तर तिच्या आत चालायचं आणि लेन बदलण्याआधी इशारा द्यायचा. हे मोडल्यास कलम १७७ए खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे. विरुद्ध दिशेने गाडी घालणं किंवा धोकादायक ओव्हरटेक करणं कलम १८४ मध्ये जातं. तिथे पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर. दुभाजक असलेल्या चार लेनच्या रस्त्यावर, म्हणजे तुमच्या बाजूला दोनच लेन असतील तिथे, डावी लेन ही तुमची. पण आपल्या डाव्या लेनमध्ये दुचाकी, उलट्या बाजूने येणारे, अचानक थांबणाऱ्या सहा आसनी रिक्षा आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यामुळे डावीकडे राहणं म्हणजे डावीकडे वेगात राहणं नव्हे. गावाजवळ, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी आणि एसटी थांब्याशी वेग उतरवा. त्या त्रासाला कंटाळून कायमचे उजव्या लेनमध्ये जाऊ नका. तिथे मागचा चालक अधीर होतो आणि डावीकडून कट मारून पुढे घुसतो, नेमका तुमच्या न दिसणाऱ्या बाजूने.

सहा लेनच्या रस्त्यावर, एक्स्प्रेसवे असो की बंगळुरू महामार्गाचा शहराबाहेरून जाणारा भाग, डावी लेन मुक्कामाची आणि मधली ओव्हरटेकची. तिसरी लेन तुमच्यासाठी नाहीच असं समजून चाला. कारण सोपं आहे. तिसऱ्या लेनमध्ये गेल्यावर काही बिघडलं तर डाव्या कडेला यायला दोन लेन ओलांडाव्या लागतात, आणि ट्रेलरसह दोन लेन ओलांडायला जी मोकळी जागा लागते ती पुण्याच्या आसपास क्वचित मिळते.

लेन बदलायचा क्रम पक्का ठेवा. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग तीन-चार सेकंद काहीच न करता थांबायचं, पुन्हा आरसा, आणि मग स्टिअरिंग हळूच वळवायचं. मधले ते तीन-चार सेकंद मागच्या माणसासाठी असतात. परत डाव्या लेनमध्ये येताना मागे टाकलेला ट्रक संपूर्ण, चाकांसकट, आरशात दिसल्याशिवाय आत शिरू नका. तुमची गाडी कारच्या बंपरला संपत नाही, ट्रेलरच्या बंपरला संपते.

पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर हवं, पावसात त्याहून जास्त. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंद म्हणजे सुमारे ९० मीटर. तुम्ही एवढी जागा सोडली की कुणीतरी त्यात घुसेल. घुसू द्या, ॲक्सिलेटर सोडा आणि पुन्हा अंतर तयार करा.

एकेरी रस्त्यावर, म्हणजे दुभाजक नसलेल्या दोन लेनच्या रस्त्यावर, ओव्हरटेकचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. कार आणि ट्रेलर मिळून ११ मीटर, समोरचा ट्रक १२ मीटर, आधी ३० आणि नंतर ३० मीटर जागा. म्हणजे ट्रकपेक्षा ८३ मीटर जास्त जायचं. ट्रक ५५ ने आणि तुम्ही ७० ने असाल तर याला सुमारे २० सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ३९० मीटर पुढे जाता आणि समोरून ७० ने येणाराही तितकाच जवळ येतो. म्हणजे पाऊण किलोमीटरहून जास्त रस्ता स्वच्छ दिसायला हवा. मुळशी-ताम्हिणी किंवा भोरच्या रस्त्यावर एवढा सरळ रस्ता दिसतो का, हे स्वतःच आठवून पाहा. त्या रस्त्यांवर ओव्हरटेक विसरा. मागे रांग लागली तर रुंद जागा पाहून डावीकडे थांबा आणि रांग जाऊ द्या.

वेगाबद्दल. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजकाच्या चार किंवा जास्त लेनच्या रस्त्यावर १०० आणि शहरात ७० ही कमाल मर्यादा आहे. रस्त्यावरचा फलक त्याहून कमी सांगत असेल तर फलक मानायचा. ही मर्यादा मोकळ्या कारची. ट्रेलर असताना सपाटीवर ७० ते ८०, एकेरी रस्त्यावर ५० ते ६० याच्या वर जाण्याचं काही कारण मला दिसत नाही.

टोलनाक्यावर रुंद वाहनांची लेन धरा, तीही दोन-तीनशे मीटर आधीपासून. आस मोजणारी यंत्रणा कार आणि ट्रेलर मिळून तीन आस मोजू शकते, म्हणून फास्टॅगचा किती रुपये कापल्याचा संदेश तिथेच पाहा. शहरात बससाठी राखलेल्या बीआरटीच्या मार्गिकेत शिरू नका. एकदा आत गेल्यावर मागे येणं ट्रेलरसह अशक्यप्राय असतं.

घाट

पुण्यातून कुठेही निघा, घाट लागतोच. चढाचा नियम आणि उताराचा नियम वेगळे नाहीत: वेळेआधी खालचा गिअर. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरला की सोडा, ब्रेकला थंड व्हायला वेळ द्या. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. गरम ब्रेकवर पाणी ओतू नका.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एका रात्रीत कित्येक गाड्या चिरडल्या आणि त्यानंतरही अपघात थांबलेले नाहीत. लांब उतार, न्यूट्रलमध्ये किंवा ब्रेक तापवत उतरणारी जड वाहनं आणि खाली एकदम शहराची गर्दी. साताऱ्याहून परतताना बोगद्याच्या आधीच खालचा गिअर टाका, डावी लेन धरा, फलकावरची मर्यादा पाळा आणि आरशात मागचा ट्रक सतत पाहत राहा. तो आवरत नाही असं दिसलं तर डावीकडे वाट मोकळी असताना लवकर बाजूला व्हा. शक्य असेल तर हा टप्पा पहाटे गाठा.

एक्स्प्रेसवेच्या बोरघाटात मुंबईहून येताना चढ आहे आणि डावी लेन ताशी २०-३० ने रांगणाऱ्या ट्रकनी भरलेली असते. तुमची गाडी चढावर ४०-५० टिकवू शकत असेल तरच मधल्या लेनमध्ये या, नाहीतर ट्रकमागे शांत चाला. तापमानाचा काटा पाहत राहा. वर सरकला तर एसी बंद करा. घाटातली मर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी आहे आणि एक्स्प्रेसवेवर वेग व लेन टिपणारे कॅमेरे आहेत. प्रवेशाजवळच्या फलकावर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला मनाई लिहिलेली असते. तुमचा नोंदणीकृत ट्रेलर ट्रॅक्टरची ट्रॉली नाही, हे दाखवणारे कागद इथेही हाताशी हवेत.

अरुंद घाटात समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे. ताम्हिणी, वरंध, पसरणी इथे तो दर वळणावर लागू होतो. पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध ट्रेलरसह टाळाच. दरड, धुकं आणि वळायला नसलेली जागा, तिन्ही एकत्र येतात.

ट्रेलर झुलायला लागला तर

बाजूने व्होल्वो बस गेली, वारा आला किंवा उतारावर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. तेव्हा हात जे करू पाहतील ते करू नका. उलटसुलट स्टिअरिंग फिरवू नका, कारचा ब्रेक जोरात मारू नका, वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असेल तर फक्त तो हलकेच दाबा. शांत झाल्यावर थांबा आणि सामान पुन्हा लावा.

वळण आणि रिव्हर्स

ट्रेलरची चाकं कारच्या चाकांपेक्षा आतून जातात. डावीकडे वळताना कोपऱ्यापासून जास्त पुढे जाऊन मग वळा, नाहीतर फूटपाथ, खांब किंवा शेजारची स्कूटर ट्रेलरखाली येईल. डावीकडे वळताना मोकळी दिसणारी जागा पुण्यात दुचाकीने भरतेच, म्हणून वळण्याआधी थांबून डावा आरसा पाहा. पेठांमध्ये ट्रेलर नेऊच नका.

रिव्हर्स मोकळ्या मैदानात सुट्टीच्या सकाळी शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलर त्या बाजूला जाईल. हालचाल थोडी ठेवा. कोन वाढू लागला की थांबा, पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. मागे एक माणूस उभा करा आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवा.

बंद पडली तर

जमेल तितकं डावीकडे, शोल्डरवर. हॅझर्ड चालू. माणसं रेलिंगच्या पलीकडे. मग त्रिकोण, तोही निदान ५० मीटर मागे, वेगवान रस्त्यावर आणखी मागे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ लावता येतो. टायर बदलायचा असला तरी रहदारीच्या बाजूला बसून बदलू नका, क्रेनची वाट पाहा. चालत्या गाडीत पावसात हॅझर्ड लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात असं वाटतं आणि तुमचा इंडिकेटर त्याला कळत नाही.

परतल्यावर

पुण्यात अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ चं सम-विषम पार्किंग आहे. तिथे आठवडाभर ट्रेलर उभा करता येत नाही, आणि अडथळा होईल असा कुठेही सोडलेला ट्रेलर उचलला जाऊ शकतो. म्हणून ट्रेलर घेण्याआधीच जागा ठरवा: सोसायटीची लेखी परवानगी, नाहीतर शहराबाहेरची भाड्याची शेड. उभा करताना चाकांना ओंडके लावा, कपलरला कुलूप घाला, सिलिंडर बाहेर काढा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. हाताने चाकाच्या हबला स्पर्श करून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर त्याचं बेअरिंग पुढच्या प्रवासाआधी उघडून ग्रीस करून घ्या.